ढोबळी मिरची तिखट का नसते आणि शिरूर-दौंडच्या उन्हात ती लावायची तर काय बघायचं?

पुण्याच्या मार्केट यार्डातली रविवारच्या आवकेची बातमी कधी नीट वाचली आहे का? त्यात टोमॅटो पेट्यांमध्ये मोजतात, मेथी-कोथिंबीर जुड्यांमध्ये, आणि ढोबळी मिरची टेम्पोंमध्ये. भाव मात्र दहा किलोचा सांगतात. पावभाजीची गाडी, चायनीजचा ठेला, पिझ्झा, हॉटेलातला कढई पनीर आणि घरची पीठ पेरून केलेली भाजी, या सगळ्यांना ही मिरची लागते. आणि ती वर्षभर लागते.

शिरूर आणि दौंड हे तालुके खरं तर या मिरचीसाठी ओळखले जात नाहीत. तिथे ऊस, कांदा, गुऱ्हाळं आणि आता रांजणगाव-कुरकुंभची एमआयडीसी. पण पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर हे दोन महामार्ग याच तालुक्यांमधून जातात. सकाळी तोडलेला माल रात्रीत पुण्याला किंवा वाशीला पोहोचतो. त्यामुळे 'उसाऐवजी काय?' हा प्रश्न निघाला की शेडनेटमधल्या ढोबळीचं नाव हमखास येतं. शिक्रापूर, केडगावसारख्या वाढत्या गावांत बंगल्याच्या मागे किंवा गच्चीवर दोन-चार झाडं लावणारेही आता भरपूर आहेत.

दोघांचीही अडचण एकच असते. इंटरनेटवर या झाडाबद्दलची बरीचशी माहिती थंड देशांतली आहे. शेवटचं दव गोठून जाईपर्यंत रोप घरात ठेवा, भरपूर ऊन मिळेल अशी जागा निवडा, वगैरे. आपल्याकडे हा सल्ला तंतोतंत पाळला तर झाड वाढतं, फुलतं आणि मे महिन्यात सगळी फुलं गाळून मोकळं होतं.

असं का होतं, ते समजून घेऊया. पण आधी तो मूळ प्रश्न.

मिरची असून तिखट का नाही?

ढोबळी मिरची ही वेगळी भाजी नाही. लवंगी, ज्वाला, ब्याडगी आणि ढोबळी या सगळ्या एकाच प्रजातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअमच्या. मिरचीला तिखट करतं ते कॅप्सेसिन नावाचं रसायन. ते बियांमध्ये तयार होतं असा आपला समज असतो, पण ते तयार होतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात. बियांना ते नुसतं लागतं.

ढोबळीमध्ये हे रसायन बनवण्याची साखळी एका जागी तुटलेली आहे. पन-१ नावाच्या जनुकाचा एक तुकडा तिच्यात गायब आहे, त्यामुळे शेवटची जोडणी करणारं विकर तयारच होत नाही. संशोधकांनी हे २००५ मध्ये दाखवून दिलं. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजायची जी मोजपट्टी काढली, तिच्यावर ढोबळी शून्यावर आहे. थोडी कमी तिखट वगैरे नाही, थेट शून्य.

यातून एक व्यवहाराचा प्रश्न निघतो, आणि गच्चीवर बाग करणारे तो नेहमी विचारतात. ढोबळीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते का? यंदाची नाही होत. फळाचा गर आणि आतला पांढरा भाग हा आईच्या झाडाचा असतो. परागकण शेजारच्या झाडाचा आला तरी त्याचा परिणाम फक्त बीमध्ये उतरतो. पण ते बी तुम्ही जपून ठेवलं आणि पुढच्या वर्षी लावलं, तर मात्र गंमत होईल. तिखटपणाचा गुण वरचढ असतो, गोडपणाचा दबणारा. त्यामुळे त्या बीची झाडं दिसायला ढोबळीसारखी आणि चवीला भलतीच निघू शकतात. पाहुण्यांना वाढायच्या आधी चाखून बघा.

'सिमला मिरची' हे नाव कुठून आलं? ब्रिटिशांनी सिमल्याच्या थंड हवेत ही मिरची लावली, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. मिरचीचं मूळ घर मेक्सिको आणि आसपासचा भाग, आणि भारतात ती पोर्तुगिजांमुळे आली. सिमल्याच्या नावातला थंड हवेचा धागा मात्र महत्त्वाचा आहे, कारण या झाडाची सगळी कटकट तापमानाशी आहे.

हिरवी, पिवळी, लाल: तीन जाती की एकच?

हिरवी म्हणजे कच्ची. झाडावर ठेवली तर तीच पुढे जातीनुसार लाल, पिवळी किंवा केशरी होते. हरितद्रव्य जातं आणि दुसरी रंगद्रव्यं वर येतात. लाल मिरची जास्त गोड लागते, आणि तिच्यात क जीवनसत्त्वही हिरवीपेक्षा जास्त असतं. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने सेगेद शहरात क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं ते तिथल्या पाप्रिका मिरचीतूनच. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

मग सगळ्यांनी लालच का विकू नये? कारण रंग चढेपर्यंत फळ आणखी तीन-चार आठवडे झाडावर ठेवावं लागतं. तेवढ्या दिवसांत ऊन, पाऊस, अळी, फुलकिडे यातलं काहीही त्यावर येऊ शकतं. शिवाय झाडावर पिकणारी फळं टांगलेली असतील तर झाड नवी फुलं कमी धरतं. म्हणून बाजारातली रंगीत ढोबळी महाग असते, आणि म्हणूनच ती बहुतेक पॉलिहाऊसमध्ये घेतात.

थंडी नाही, मग अडचण काय?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात. शिरूर-दौंडमध्ये तसं होत नाही. थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो, पण झाड मरेल इतकी थंडी पडत नाही. युरोपात ही मिरची एका हंगामाची असते कारण तिथला हिवाळा तिला मारतो. मुळात ती काही वर्षं जगणारी झुडूपवजा वनस्पती आहे. आपल्याकडे घरामागचं एखादं झाड दोन-तीन वर्षं टिकलेलं दिसतं, ते त्यामुळेच.

पण जगणं वेगळं आणि फळ धरणं वेगळं. ढोबळीला दिवसा साधारण २१ ते २८ अंश आणि रात्री १६ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसाचं तापमान ३२-३५ च्या पुढे गेलं की परागकण निकामी व्हायला लागतात आणि फुलं गळतात. रात्र गरम राहिली तर गळ आणखी वाढते. एप्रिल-मे महिन्यांत शिरूर आणि दौंडचा पारा चाळिशी पार करतो. हवा कोरडी, वारा सुटलेला. सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत देठासकट खाली पडलेलं असतं. अशा वेळी अनेक जण खत वाढवतात किंवा टॉनिक मारतात. नत्र वाढवलं तर पानं दाट होतात आणि फुलं आणखी गळतात. रोग नाही, कीड नाही, फक्त गरम हवा आहे, हे ओळखणं इथे महत्त्वाचं.

दुसऱ्या टोकाला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. तापमान १०-१२ अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबल्यासारखी होते. परागीभवन नीट न झाल्यामुळे फळं बसकी, चपटी आणि आत जवळजवळ बिया नसलेली येतात. खायला ती चालतात, बाजारात मात्र दुय्यम ठरतात.

म्हणजे आपल्याकडे दिनदर्शिका उलटी वाचायची. थंड देशात उन्हाळा हा ढोबळीचा हंगाम. शिरूर-दौंडमध्ये उघड्यावर लावायची तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपं टाकायची, साधारण ३० ते ३५ दिवसांनी लागवड करायची आणि नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत तोडे घ्यायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवडही होते, पण तिच्यात मर आणि करप्याचा धोका जास्त. फेब्रुवारीत लावून एप्रिल-मेमध्ये माल काढायचा असेल तर डोक्यावर सावली हवीच.

सावलीचं आणखी एक कारण आहे. ढोबळीचं फळ मोठं, सालीखाली पाणीदार. थेट उन्हात त्याच्या एका बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. तो उन्हाने भाजल्याचा डाग असतो. नंतर त्यावर काळी बुरशी येते आणि शेतकरी बुरशीनाशक फवारत बसतो. मुळात कमी होती ती पानांची छत्री.

शेडनेट की पॉलिहाऊस?

हा प्रश्न कर्ज काढायच्या आधी विचारायचा असतो, आणि नेमका तेव्हाच तो घाईत उरकला जातो.

पॉलिहाऊसमध्ये वरती प्लॅस्टिकचा कागद असतो. पाऊस आत येत नाही, आर्द्रता टिकते, पण उष्णता अडकते. साध्या, नैसर्गिक वाऱ्यावर चालणाऱ्या पॉलिहाऊसमध्ये मे महिन्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जाऊ शकतं. मग फॉगर लागतात, त्यांना स्वच्छ पाणी आणि वीज लागते. मावळात, तळेगाव दाभाडेच्या बाजूला गुलाब-जरबेराची पॉलिहाऊस इतकी का झाली? तिथली हवा सौम्य आणि पाऊस मोठा, म्हणून वरती प्लॅस्टिक हवं असतं.

शिरूर-दौंडचं गणित वेगळं. हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे, वर्षाला ढोबळमानाने ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. इथे पावसापेक्षा उन्हापासून वाचवणं जास्त महत्त्वाचं, म्हणून साधारण ५० टक्के सावलीचं शेडनेट बहुतेकांना पुरतं. ते स्वस्त असतं आणि त्यातून वारा खेळतो. सप्टेंबरचा परतीचा पाऊस मात्र थेट आत येतो आणि तेवढ्या पंधरा दिवसांत करपा आणि फळकूज वाढते, हा त्याचा तोटा. माझं मत विचाराल तर या दोन तालुक्यांत हिरव्या ढोबळीसाठी पॉलिहाऊसचा खर्च पटणं अवघड आहे. रंगीत ढोबळी घ्यायची आणि तिचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

दोन्हींना वाऱ्याची भीती असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुणे जिल्ह्यातही पॉलिहाऊस-शेडनेटचं नुकसान झालं. वळवाच्या वाऱ्याला चक्रीवादळाचं नाव लागत नाही, पण काम तो तेच करतो. त्यामुळे पायाचे खांब, तारांचा ताण आणि विमा यांत काटकसर करू नये.

अनुदान मिळतं. फलोत्पादन अभियानात शेडनेट आणि पॉलिहाऊसला ठरलेल्या मापदंडाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत असते आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. 'मापदंडाच्या' हा शब्द नीट वाचा. प्रत्यक्ष खर्च मापदंडापेक्षा जास्त झाला तर तो वरचा सगळा भार तुमचा. शिवाय अनुदान बहुधा उभारणी झाल्यावर हातात येतं, तोवर बँकेचं व्याज सुरू झालेलं असतं.

प्रशिक्षणासाठी फार लांब जायला नको. तळेगाव दाभाडेला राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे (शिरूर तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे नव्हे, दरवेळी कुणीतरी चुकतं). बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचं इंडो-डच गुणवत्ता केंद्र आहे, तिथे रोपं आणि माहिती दोन्ही मिळतं. आणि खुद्द शिरूर तालुक्यात पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे मुलं शेती हातांनी करत शिकतात.

पाणी किती लागतं? आणि कसं?

समजा एक एकर शेडनेटमध्ये १२ हजार झाडं आहेत. भर उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला ठिबकने दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी लागतं. अडीच लिटर धरलं तरी दिवसाला ३० हजार लिटर झालं. म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. रोज.

आता शेततळ्याचा हिशोब करू. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या काठांचं तळं पूर्ण भरलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाण्याची पातळी दिवसाला आठ मिलिमीटर खाली गेली, तर सुरुवातीला रोज सात हजार लिटर नुसतेच उडून जातात. पिकाचे ३० हजार आणि उन्हाचे सात हजार. म्हणजे १ मार्चला काठोकाठ भरलेलं तळं एप्रिल संपता संपता तळाला जातं, आणि खरी गरज मे महिन्यात असते. चासकमानचं किंवा खडकवासल्याचं आवर्तन नेमकं कधी येईल, यावर सगळा डाव लावणं धोक्याचं, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नाही. पाण्याचा हिशोब एकरभराला बसत नसेल तर दहा गुंठ्यांचं शेडनेट करावं. त्यात कमीपणा नाही.

किती यापेक्षा कसं हेही तितकंच महत्त्वाचं. ढोबळीची मुळं फार खोल जात नाहीत. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी सोडलं तर फळाच्या टोकाला काळपट, बसलेला डाग पडतो. हा डाग कॅल्शियमच्या कमतरतेचा. पण बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियम असतं, शिरूरच्या चुनखडीच्या रानात तर भरपूर असतं. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचतं आणि पाणी तुटलं की त्याचाही पुरवठा तुटतो. म्हणून रोज थोडं पाणी, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, आणि बेडवर मल्चिंग पेपर.

रात्रीच्या विजेचा विषय इथे येतोच. शिरूर पट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून रात्री रानात जाणं हा नुसता त्रास राहिलेला नाही, जिवाचा प्रश्न झाला आहे. ठिबकला टायमर आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह बसवणं ही चैन नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ढोबळीचं एक बरं, उसासारखी लपायला जागा ती देत नाही.

दौंडकरांनी आधी माती का तपासावी?

भीमा आणि मुळा-मुठेच्या काठची काळी रानं वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी पीत आली आहेत. निचरा कमी, पाणी जास्त, त्यामुळे अनेक ठिकाणी जमीन क्षारपड झाली. पांढरा थर वर दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ढोबळीला क्षार अजिबात सोसत नाहीत. मातीतले क्षार विद्युत वाहकतेत मोजतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार मिरचीवर परिणाम सुरू होतो तो १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक एका एककाला उत्पादन साधारण १४ टक्के घटतं. म्हणजे तुमच्या रानाचा आकडा ३ आला तर काहीही चूक न करता पाचवा हिस्सा माल आधीच गेला. ऊस तिथे उभा दिसतो म्हणून ढोबळीही येईल, असं गृहीत धरू नका. मातीबरोबर विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासून घ्या. या तपासणीचा खर्च एका फवारणीपेक्षा कमी येतो.

शिरूरच्या मुरमाड, हलक्या रानात हा त्रास कमी. तिथे निचरा चांगला होतो, फक्त शेणखत भरपूर लागतं आणि पाणी लवकर तुटतं.

पानं वर वळली की समजायचं काय?

मिरचीची पानं आकसली, गोळा झाली की आपल्याकडे एकच शब्द निघतो, बोकड्या. कुणी त्याला चुरडा-मुरडा म्हणतं. पण तो एक रोग नाही.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला तर बहुधा फुलकिडे. पानं खाली वळली, देठ लांबला, शेंडा खरबरीत झाला तर कोळी. आणि झाड खुरटलं, पानं बारीक, चितकबरी झाली तर विषाणू. विषाणू स्वतः चालत येत नाही. मावा, पांढरी माशी आणि फुलकिडे त्याला आणतात. विषाणू झाडात शिरला की औषध नाही, झाड उपटून लांब नेऊन पुरायचं. कोळ्यावर फुलकिड्यांचं औषध मारलं तर पैसे तर जातातच, शिवाय कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि आठ दिवसांनी कोळी दुप्पट होतो. दहा पटींचं एक साधं भिंग घेऊन पानाची मागची बाजू बघायची, मगच दुकानात जायचं.

२०२१ मध्ये आंध्र आणि तेलंगणात मिरचीच्या फुलांमध्ये काळ्या रंगाचे परदेशी फुलकिडे मोठ्या प्रमाणावर आढळले आणि त्यांनी हजारो शेतकऱ्यांचं पीक नेलं. तेव्हापासून फुलं झटकून पांढऱ्या कागदावर काय पडतं ते बघायची सवय मिरचीवाल्यांना लागली आहे. ही सवय ढोबळीलाही चांगली. शेडनेटला चहूबाजूंनी बारीक जाळी, दाराला दोन पडदे, आत निळे आणि पिवळे चिकट सापळे. उघड्यावरच्या पिकाभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच पेरून ठेवल्या तर उडून येणारी बरीच कीड तिथे अडते.

आणि तोड्याच्या आधी फवारणी थांबवायचे जे दिवस बाटलीवर लिहिलेले असतात, ते पाळायचे. ढोबळी दर पाच-सात दिवसांनी तोडावी लागते, ती सोलत नाहीत, आणि कित्येकदा कच्चीच खातात. आज फवारून परवा तोडलेला माल कुणाच्या तरी सॅलडमध्ये जातो.

पैशांचं काय?

पुन्हा तेच १२ हजार झाडांचं एकर घेऊ. सगळं जमलं आणि झाडामागे तीन किलो माल निघाला, तर ३६ टन झाले. किलोमागे दहा रुपयांचा फरक म्हणजे ३ लाख ६० हजारांचा फरक. तेच रान, तेच कष्ट, तोच माल. फक्त तो आठवडा कोणता होता, यावर हा फरक ठरतो. दहा किलोच्या भावातून क्रेट, तोडणीची मजुरी, गाडीभाडं आणि हमाली वजा केली की पडत्या बाजारात हातात येणारा आकडा कधी कधी शून्याच्या खाली जातो. रस्त्याच्या कडेला ओतलेली ढोबळी दिसते, ती अशा आठवड्यातली.

आणि थांबायची सोय नाही. कांदा चाळीत ठेवता येतो. ऊस आणखी पंधरा दिवस उभा राहतो. ढोबळी शीतगृहात सात-आठ अंशांवर दोनेक आठवडे टिकते, त्याहून थंड केली तर साल खड्डे पडून खराब होते. शेतकऱ्याच्या पातळीवर ती साठवायचं पीकच नाही.

म्हणून उसाशी तिची तुलना करताना नुसतं एकरी उत्पन्न मांडणं मला पटत नाही. उसाला कायद्याने एफआरपी आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती. कारखान्याने पैसे उशिरा दिले तरी मागण्यासाठी एक आकडा असतो. ढोबळीला असा कोणताही तळाचा आकडा नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हॉटेलं बंद झाली, तेव्हा रंगीत ढोबळीचं गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं. झाडं मात्र फळं देतच राहिली.

मग लावूच नये का? तसं नाही. पण काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. सगळं रान एकदम लावण्यापेक्षा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत लावलं तर एकाच पडत्या आठवड्यात सगळा माल सापडत नाही. पहिलं वर्ष कर्ज न काढता, उघड्यावर, थंडीच्या हंगामात काढून बघावं. तोडणी, प्रतवारी आणि मार्केटचा अंदाज त्यातून येतो. जातीही त्या हिशोबाने निवडाव्यात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का मोहिनी आणि अर्का गौरव या सरळ जाती आहेत, त्यांचं बी धरता येतं. बाजारासाठी बहुतेक जण इंद्रासारखे संकरित वाण लावतात, कारण आकार एकसारखा येतो आणि व्यापाऱ्याला तो हवा असतो. संकरित वाणाचं बी मात्र दरवर्षी नवं घ्यावं लागतं.

गच्चीवर किंवा परसात लावायची असेल तर?

इथे भावाची चिंता नाही, त्यामुळे मजा जास्त आहे.

बी बाजारातल्या मिरचीतून काढू नका. हिरव्या ढोबळीतलं बी कच्चं असतं, उगवलं तरी नीट उगवत नाही. लाल मिरचीतलं उगवतं, पण ती बहुधा संकरित असल्यामुळे झाडागणिक वेगळं काहीतरी निघतं. रोपवाटिकेतून पाच-सहा पानांचं रोप आणणं सोपं पडतं. मिरच्यांच्या रोपांची गर्दी असते तिथे 'ढोबळीचंच ना?' हे दोनदा विचारा, कारण त्या वयात सगळी रोपं सारखीच दिसतात.

कुंडी बारा ते पंधरा इंचांची. अर्धी माती, उरलेल्यात शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट. खाली भोक मोकळं. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केली तर पहिली भाजी साधारण दिवाळीनंतर महिनाभराने ताटात येते. पहिल्या फांदीच्या बेचक्यात येणारं पहिलं फूल खुडून टाका. जिवावर येतं, पण ते फळ ठेवलं तर झाडाची वाढ तिथेच अडकते. फांद्या ठिसूळ असतात, दोन फळांच्या वजनाने मोडतात, म्हणून सुरुवातीलाच काठी रोवून सुतळीने सैल बांधा. फळ ओढून तोडू नका, देठ कात्रीने कापा.

गच्चीवर सिमेंट तापतं, ही खरी अडचण. कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दुपारी बारा ते चारचं ऊन अडेल अशी हिरवी नेट बांधा, किंवा कुंड्या पूर्वेच्या भिंतीला सरकवा. पाणी सकाळी, आणि उन्हाळ्यात संध्याकाळीही. घरातलं पाणी बोअरचं, जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसायला लागते. मग महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, क्षार त्याच्याबरोबर निघून जातात.

मे महिन्यात फुलं गळायला लागली तर झाड उपटू नका. ते मेलेलं नाही, थांबलेलं आहे. सावलीत ठेवा, पाणी चालू ठेवा, खत बंद करा. जूनमध्ये पहिला पाऊस होऊन हवा थंडावली की फांद्या एक तृतीयांश छाटा, वरची दोन बोटं माती काढून तिथे नवं शेणखत भरा. महिनाभरात नवे फुटवे येतात आणि त्यांवर पुन्हा फुलं धरतात. दुसऱ्या वर्षीची फळं आकाराने थोडी लहान असतात. पीठ पेरायला तीच सोयीची पडतात.